बॅरी सँडर्स: 'वाईट संघात वाया गेला' हे कितपत खरं?

तिरपागडा (धागाकर्ता)

अमेरिकन फुटबॉलच्या 'सर्वोत्तम रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) कोण' या धाग्यावर गाडी पुन्हा बॅरी सँडर्सपाशी येऊन रुतली, म्हणून हा वेगळा धागा. तिथे दर चार प्रतिसादांमागे तेच वाक्य येतंय: "बिचारा डेट्रॉइट लायन्समध्ये वाया गेला, नाहीतर..." या 'नाहीतर'च्या पुढे कोणीच जात नाही. इथे जाऊ या.

आकडे आधीच टाकतो. 1989 ते 1998, दहा हंगाम, 153 सामने. 3,062 कॅरीज (चेंडू घेऊन धावा), 15,269 यार्ड, सरासरी 5.0, धावून 99 टचडाऊन. दहाही वर्षं प्रो बाऊल (निवडक खेळाडूंचा सामना). सर्वाधिक यार्ड चार वेळा (1990, 94, 96, 97). 1997 ला 2,053 यार्ड आणि ब्रेट फार्व्हबरोबर विभागून एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू). वॉल्टर पेटनच्या 16,726 यार्डांच्या विक्रमापासून 1,457 अलीकडे असताना, जुलै 1999 च्या अखेरीस, विचिटा या आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स धाडून निवृत्त. 2004 ला हॉल ऑफ फेम.

माझं म्हणणं असं: चेंडू हातात आल्यावर तो जे करायचा तसं दुसऱ्या कोणी केलेलं नाही, यात वाद नको. वाद आहे तो त्याच्या मागे पडण्याचा, म्हणजे सुरुवातीच्या रेषेच्या मागेच पकडला जाऊन यार्ड गमावण्याचा. ते लाईनचं (पुढे अडवणाऱ्या फळीचं) पाप, आखणीचं पाप की त्याचं स्वतःचं? हे सुटलं तर 'वाया गेला'चा निकाल आपोआप लागेल. कृपया हायलाईट्सचे दुवे देऊ नका, ते सगळ्यांनी पाहिलेत.

---

टेक्सासकाकू

धागा चांगला, पण आकडे सोयीचे निवडलेत. शेजारी डॅलसचा रनिंग बॅक एमिट स्मिथ ठेवा की! 18,355 यार्ड, धावून 164 टचडाऊन, 226 सामने, तीन सुपर बाऊल. 1990 पासून 1997 पर्यंत आठ वर्षं यार्डांचं विजेतेपद या दोघांच्या बाहेर गेलेलं नाही. चार बॅरीची, चार एमिटची (1991, 92, 93, 95). 1991 ला तर अंतर 15 यार्डांचं होतं: 1,563 विरुद्ध 1,548. म्हणजे तुलना करायची तर याच दोघांची.

टचडाऊनचा हिशोब करा. एमिटला 4,409 कॅरीजमध्ये 164, म्हणजे साधारण 27 कॅरीजमागे एक. बॅरीला 31 मागे एक. गोललाईनजवळ लायन्स बऱ्याचदा बॅरीला बाहेर बसवून जाडजूड बॅक आणायचे. सरासरी 5.0 असलेल्या माणसाला दोन यार्ड हवे असताना बाहेर का बसवतात, याचं उत्तर त्याच्या चाहत्यांनी द्यावं.

आणि "डॅलसच्या त्या लाईनमागे कोणीही धावला असता" हे आता पुरे. 1993 ला एमिट करारावरून अडून बसला आणि पहिले दोन सामने खेळला नाही. बाकी सगळा संघ तोच, आदल्या वर्षीचा सुपर बाऊल जिंकलेला. दोन्ही सामने हरले, वॉशिंग्टनशी 35-16, बफेलोशी 13-10. तो परत आला, दोन सामने कमी खेळून 1,486 यार्डांनी पहिला आला, लीगचा आणि सुपर बाऊलचा एमव्हीपी झाला. 'कोणीही' धावू शकत असतं तर त्या दोन आठवड्यांत धावलं असतं.

---

गल्लीबोळ

काकू, दोन सामन्यांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढायला मन धजत नाही, पण मुद्दा राहू दे. मागे पडण्याबद्दल आधी मोजणी करू.

बॅरी लीगमध्ये आला तेव्हा लायन्सकडे वेन फाँट्स हेड कोच आणि आक्रमणाला माऊस डेव्हिस होता. त्याने 'रन अँड शूट' आणलं. मैदानावर चार रिसीव्हर (पास झेलणारे), एक क्वार्टरबॅक (पास फेकणारा), एक बॅक, पाच लाईनमन. टाईट एंड (लाईनच्या टोकाला जादा अडवणारा) नाही, फुलबॅक (बॅकच्या पुढे धावून वाट करणारा) नाही. चार रिसीव्हर पसरले की बचावालाही माणसं बाहेर न्यावी लागतात, म्हणून बॉक्समध्ये, म्हणजे लाईनच्या समोरच्या पट्ट्यात, सहाच उरतात: चार लाईनमन, त्यांच्या मागे दोन लाईनबॅकर.

आता वजाबाकी करा. अडवणारे पाच, समोर सहा. एक माणूस कायम मोकळा. क्वार्टरबॅक धावण्याची धमकी देत असेल तर त्या सहाव्याला थोडं थबकावं लागतं, पण लायन्सच्या क्वार्टरबॅकला कोणी घाबरत नव्हतं. म्हणजे धाव सुरू होण्याआधीच ठरलेलं आहे की एका माणसाला बॅरीने स्वतः चकवायचं.

दुसरं, टाईट एंड नसल्याने टॅकलच्या (लाईनच्या टोकाच्या माणसाच्या) बाहेर कोणीच नाही. तिथला डिफेन्सिव्ह एंड (बचावफळीच्या टोकाचा माणूस) पासवर धावून गेला तर उत्तम, त्याच्या आतून वाट मिळते. पण तो वर न धावता आतल्या बाजूला सरकत आला, तर चेंडू हातात पडतो त्याच जागी तो पोचतो. हँडऑफ (बॅकच्या हातात चेंडू देणं) रेषेच्या चार-पाच यार्ड मागे होतो. तिथेच गाठ पडली की उणे तीन. यात बॅरीने नाचायचं ठरवलं की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती चाहते सांगत नाहीत. त्या एका माणसाला चकवलं की पुढे रान मोकळं, कारण बाकीचे बाहेर रिसीव्हरांना चिकटलेले. त्याच्या 40-50 यार्डांच्या धावा आणि उणे तीनच्या धावा एकाच आखणीच्या पोटातून आल्यात. एक घ्यायची आणि दुसरी लाईनच्या माथी मारायची, हे चालणार नाही.

---

रा_रा_रविवार

+1. शेवटचा परिच्छेद चौकट करून लावा.

---

वाचनमात्र

खेळ नव्याने बघायला लागलेल्यांसाठी एक शंका. मागे पडला तरी सरासरी 5.0 आहे ना? मग तक्रार कसली? शेवटी यार्ड ते यार्ड.

---

चौथाडाऊन

यार्ड ते यार्ड नसतात. दोन बॅक घ्या. पहिल्याच्या चार धावा: 5, 4, 6, 5. दुसऱ्याच्या: उणे 3, 1, 0, 22. दोघांची बेरीज 20, सरासरी 5. पण दुसऱ्याचा संघ पहिल्या धावेनंतर 'दुसरा डाऊन (चार संधींतली दुसरी), 13 यार्ड' असा अडकला, नंतर 'तिसरा, 12'. तिथे कोणताही कोच पासच टाकणार, तो हुकला की पंट, म्हणजे लाथेने चेंडू लांब समोरच्यांना देऊन टाकायचा. मग ती 22 ची धाव येणार कधी? पुढच्या वेळी चेंडू हाती येईल तेव्हा. मधे प्रतिस्पर्ध्याला एक संधी फुकट गेली.

म्हणून जाणकार सरासरीबरोबर यशाचा दर बघतात. साधा ठोकताळा: पहिल्या डाऊनला गरजेच्या निदान 40 टक्के यार्ड (10 पैकी 4), दुसऱ्याला 60 टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. एवढं मिळालं तर धाव यशस्वी, नाहीतर नाही. एमिटचं बलस्थान हेच. अडकलेली धावही तो पुढे पडून दोन-तीनवर नेतो. बॅरीची अडकलेली धाव उणे दोनवर संपते.

पण "हा सगळा नाचाचा दोष" हेही मला पटत नाही. कबड्डीत चढाईपटू बोनस रेषेपर्यंत जाऊन परत फिरतो तेव्हा तो घाबरलेला नसतो, साखळीतला कोणता जोड आधी सुटतो ते पाहत असतो. बॅरीचं तसंच. तो लाईनजवळ येऊन थबकतो, खांदे रेषेला समांतर, कंबर खाली, आणि दोन्ही पाय जवळजवळ एकाच वेळी उचलून एक-दीड यार्ड बाजूला उतरतो. लाईनबॅकरने ज्या फटीवर वजन टाकलं ती सोडून पलीकडच्या फटीत. खांदे वळवले नाहीत म्हणून उतरल्या क्षणी पुन्हा पुढे धावता येतं. इतर बॅक बाजूला जाताना खांदा वळवतात, तिथे अर्धा सेकंद जातो. 1994 ला न्यू इंग्लंडविरुद्ध हार्लन बार्नेट या सेफ्टीचं (सर्वांत मागच्या बचावपटूचं) काय झालं ते बघा: समोरासमोर होता, मोकळ्या मैदानात, आणि स्वतःभोवती गिरकी घेऊन उभा राहिला.

हे कधी फसतं? समोरचे वजन टाकतच नाहीत तेव्हा. 31 डिसेंबर 1994, ग्रीन बे पॅकर्स, प्लेऑफ (हंगामानंतरचे बाद सामने). 13 कॅरीज, उणे 1 यार्ड. छापायची चूक नाही, उणे एक. त्याच हंगामात या माणसाने 1,883 यार्ड काढले होते. पॅकर्सनी त्याला पकडायची घाई केली नाही. प्रत्येकाने आपली फट धरली, मागच्या बाजूच्या एंडने पाठलाग न करता परतीचा रस्ता अडवला, आणि पहिला माणूस चुकला तरी दुसरा त्याच्या आतल्या खांद्यावर हजर. बॅरीने कट मारला की त्याला कोणीतरी आधीच उभा सापडायचा. लायन्स 16-12 हरले. चार गुणांनी! त्या दिवशी त्याला 50 यार्ड जरी मिळाले असते तरी निकाल वेगळा लागला असता, असं मला वाटतं.

---

टेक्सासकाकू

हेच मी दोन धाग्यांपासून सांगतेय, फक्त कबड्डी सुचली नव्हती.

आता एमिट काय करायचा ते जरा जवळून बघा, कारण ते हायलाईटमध्ये दिसत नाही. डॅलसचा हुकमी प्ले म्हणजे लीड ड्रॉ. क्वार्टरबॅक एकमन पास टाकायला मागे सरकतो. लाईनमन उभे राहून पासचं नाटक करतात. लाईनबॅकर दोन पावलं मागे जातात, आणि त्याच दोन पावलांसाठी हा सगळा खटाटोप असतो. डॅरिल जॉन्स्टन, फुलबॅक, एमिटच्या पुढे उभा असतो. तो फटीतून घुसून त्या लाईनबॅकरला उलट्या पावलावर गाठतो. एमिट त्याच्या मागे, पण चिकटून नाही. दीड-दोन यार्ड अंतर ठेवून. फार जवळ गेलं तर जॉन्स्टनने माणूस कोणत्या बाजूला ढकलला ते कळायच्या आत त्याच्या पाठीवर आदळायला होतं, फार लांब राहिलं तर फट मिटते. एमिट जॉन्स्टनच्या पाठीमागे लपायचा आणि शेवटच्या पावलाला बाजू निवडायचा. नुकसान जवळजवळ नाही, चार-पाच यार्ड ठरलेले, कधीतरी बारा.

गल्लीबोळ यांच्या हिशोबात बसवा. पाच लाईनमन, एक टाईट एंड, एक फुलबॅक, म्हणजे अडवणारे सात. समोर बॉक्समध्ये सात, फार तर आठ. मोकळा माणूस असलाच तर एक, आणि तो बहुतेक वेळा मागच्या बाजूला, लांब.

म्हणून एमिटचं काम सोपं, असं म्हणाल तर मी सोडणार नाही. ब्लिट्झ (जादा माणसांची क्वार्टरबॅकवर चाल) आला की क्वार्टरबॅकसमोर उभं राहून 240 पौंडी लाईनबॅकर अंगावर घेणं हे रनिंग बॅकचं निम्मं काम आहे, आणि त्यात एमिट आपल्या काळातल्या पहिल्या दोन-चारांत होता. बॅरीबद्दल असं कोणी म्हणतं का?

---

गल्लीबोळ

ब्लिट्झचा मुद्दा पूर्ण मान्य. रन अँड शूटमध्ये बॅकला ते काम जास्तच पडतं, कारण टाईट एंड मदतीला नाही. 203 पौंडांचा माणूस तिथे कमी पडणारच.

पण तुमचाच फुलबॅकचा धागा पुढे ओढतो. जॉन्स्टनच्या मानेला 1997 ला दुखापत झाली आणि त्या वर्षी एमिट 1,074 यार्डांवर आला. एकाच कारणाने नाही, वय होतं, लाईन म्हातारी झाली होती. तरी फुलबॅक गेल्यावर एमिट उतरतो आणि फुलबॅक आल्यावर बॅरी चढतो, हे एकाच वर्षी घडलंय.

---

तिरपागडा

1997 माझ्याकडून. बॉबी रॉस नवा कोच. संघात टॉमी व्हार्डेल हा फुलबॅक. पहिल्या दोन सामन्यांत बॅरीला 25 कॅरीजमध्ये 53 यार्ड. डेट्रॉइटच्या पेपरात तेव्हा 'संपला का' सुरू झालं असणार. नंतरच्या 14 सामन्यांत 310 कॅरीज, बरोबर 2,000 यार्ड. बेरीज करून बघा, 2,053 होतात. सलग 14 सामने शंभराच्या वर.

कॅरीमागे जवळजवळ साडेसहा यार्ड, चौदा सामने! फुलबॅकमागे हा माणूस काय करू शकतो याचं याहून मोठं उत्तर नाही. म्हणून माझा कल 'आखणीचं पाप' याकडे. कारकिर्दीची पहिली काही वर्षं, म्हणजे पाय सर्वांत ताजे असताना, त्याला पाच विरुद्ध सहामध्ये पाठवलं.

'कृत्रिम टर्फवरच चालतो' हा मुद्दा कोणी काढायच्या आधी: 12 ऑक्टोबर 1997 ला टँपात, गवतावर, 215 यार्ड, त्यात 80 आणि 82 यार्डांचे दोन टचडाऊन. आणि टँपाचा तो बचाव लेचापेचा नव्हता.

---

रा_रा_रविवार

थांबा, आखणीवर सगळं ढकलून मोकळे होऊ नका. आणि 'वाईट संघ' हे तर निम्मं मिथक आहे.

लोमस ब्राऊन लेफ्ट टॅकल, सात प्रो बाऊल. केव्हिन ग्लोव्हर सेंटर, तीन प्रो बाऊल. 1995 ला हर्मन मूरने 123 झेल घेतले, ब्रेट पेरिमनने 108, स्कॉट मिचेलने 4,338 यार्ड फेकले. हा संघ भिकार? दहा वर्षांत पाच वेळा प्लेऑफला गेलेत. नियमित हंगामांची बेरीज 78 विजय, 82 पराभव. मध्यम संघ म्हणा.

आता प्लेऑफमधला बॅरी, सामन्यागणिक:

डॅलस, जानेवारी 1992: 12 कॅरीज, 69 यार्ड, 38-6 विजय. वॉशिंग्टन, पुढच्या आठवड्यात: 11, 44, पराभव 41-10. ग्रीन बे, 1993 चा हंगाम: 27, 169, पराभव 28-24. ग्रीन बे, 1994 चा हंगाम: 13, उणे 1. फिलाडेल्फिया, 1995 चा हंगाम: 10, 40, पराभव 58-37. टँपा, 1997 चा हंगाम: 18, 65, पराभव 20-10.

एकूण 91 कॅरीज, 386 यार्ड, एक टचडाऊन. त्यातले 169 एकाच सामन्यात. ते काढले तर पाच सामन्यांत 217.

आणि शेवटचं, जे कोणाला आवडत नाही: 1998 ला बॅरीसकट 5-11. 1999 ला बॅरीशिवाय 8-8 आणि प्लेऑफ. 2000 ला 9-7.

---

चौथाडाऊन

रविवारराव, फिलाडेल्फियाचा सामना बॅरीच्या नावावर टाकू नका. तिथे 51-7 असा स्कोअर झाला होता, तोही तिसऱ्या सत्रात. 44 गुणांनी मागे असताना कोण धावतं? 10 कॅरीज मिळाल्या हेच नवल. वॉशिंग्टनचंही जवळपास तसंच. 1997 चा टँपा आणि 1994 चा ग्रीन बे, हे दोन मात्र त्याच्या खात्यावर लिहा. 3.6 ची सरासरी आणि उणे एक.

लाईनचं म्हणाल तर नावं बरोबर आहेत, पण ती लाईन अखंड कधी राहिली? 1991 च्या नोव्हेंबरमध्ये गार्ड (सेंटरच्या शेजारचा लाईनमन) माईक अटली रॅम्सविरुद्ध मैदानातच जायबंदी झाला, छातीखालचं शरीर लुळं. जून 1992 मध्ये दुसरा गार्ड एरिक अँडॉलसेक लुईझियानात स्वतःच्या अंगणात काम करत असताना ट्रक घुसून ठार झाला. सात महिन्यांत दोन्ही गार्ड. आतल्या फटी गार्डच उघडतात. 1991 ला 12-4, 1992 ला 5-11, यात त्या दोघांचा वाटा किती हे मोजता येणार नाही, पण तो शून्य नाही. पुढे लोमस ब्राऊनला 1995 नंतर जाऊ दिलं, लाईनबॅकर ख्रिस स्पीलमनलाही, ग्लोव्हरला 1997 नंतर. निवृत्तीचं मूळ तिथे शोधा.

---

वाचनमात्र

निवृत्तीवर यायचंच आहे तर विचारतो: पैसे परत द्यायला लागले ते काय प्रकरण? करार मोडला म्हणजे दंड का?

---

गल्लीबोळ

दंड नव्हे. 1997 ला सहा वर्षांचा, 3 कोटी 54 लाख डॉलरचा करार झाला. त्यात 1 कोटी 10 लाख सही करतानाच हातात, म्हणजे सायनिंग बोनस. हा बोनस रोख एकदम मिळतो, पण हिशोबात सहा वर्षांवर समान वाटला जातो: वर्षाला 18 लाख 33 हजार. खेळाडू मधेच थांबला तर न खेळलेल्या वर्षांचा वाटा संघ परत मागू शकतो. लायन्सनी 55 लाख मागितले, म्हणजे तीन वर्षांचे. बॅरीची बाजू अशी की मला सोडा किंवा दुसऱ्या संघाला द्या, सगळे परत करतो. लायन्स सोडायला तयार नाहीत. लवादाने फेब्रुवारी 2000 मध्ये निकाल दिला: 18 लाख 33 हजार लगेच, बाकीचे निवृत्त राहील त्या त्या वर्षी.

लायन्सच्या व्यवस्थापनाची खोड बघा, 2016 ला कॅल्व्हिन जॉन्सन नऊ हंगामांनंतर निवृत्त झाला तेव्हाही बोनसचे पैसे परत घेतले. त्याच संघाचे दोन हॉल ऑफ फेमवाले, दोघेही तिशीत, दोघांशीही पैशांवरून वाकडं. बॅरीशी पुढे जुळलं. सप्टेंबर 2023 मध्ये फोर्ड फील्डबाहेर त्याचा पुतळा बसला.

'ऐन भरात सोडलं' हे वाक्यही घासून बघा. 1998 ला 343 कॅरीज, 1,491 यार्ड, सरासरी 4.3, टचडाऊन चार. 4.3 ही त्याची कारकिर्दीतली नीचांकी सरासरी, फक्त 1992 ला तेवढी खाली गेली होती. क्वार्टरबॅक चार्ली बॅच नवखा होता हे खरं. तरीही 31 वर्षांचा बॅक, 3,062 कॅरीज अधिक 352 झेल, म्हणजे 3,414 वेळा चेंडू अंगावर घेतलेला. पेटनचा विक्रम त्याने 1999 ला मोडला असता असं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवा, 1,457 यार्डांसाठी जवळजवळ 1998 इतकाच हंगाम लागला असता. शक्य होतं, पण ठरलेलं नव्हतं.

---

टेक्सासकाकू

विक्रम एमिटने 27 ऑक्टोबर 2002 ला मोडला, तेराव्या हंगामात. टिकून राहणं हाही गुण आहे. शेवटची दोन वर्षं ॲरिझोनात काढलेली लोकांना खटकतात, मला नाही. पेटनला डॅलसमध्येच मागे टाकलं होतं, 17,162 यार्ड तिथलेच.

---

तिरपागडा

काकू, टिकून राहण्याबद्दल एमिटला सलाम. पण बॅरीला आकड्यांची हाव नव्हती हे पहिल्याच वर्षी दिसलं. 1989 चा शेवटचा सामना, ख्रिश्चन ओकोयेच्या 1,480 पासून 10 यार्ड लांब. कोचने विचारलं, परत जातोस का? नको म्हणाला, सामना जिंकलेला होता. 1,470 वर थांबला. 1999 ची निवृत्ती या माणसाच्या स्वभावात बसते.

---

रा_रा_रविवार

स्वभाव संतासारखा, मान्य. संघाला प्लेऑफमध्ये संत लागत नाहीत. :)

---

चौथाडाऊन

भावनेवर यायच्या आत कामाचं बोलू. 'लाईन की बॅरी' हा प्रश्न कोणालाही घरबसल्या तपासता येतो. पूर्ण सामन्यांची जुनी प्रक्षेपणं सापडतात. पद्धत अशी:

निदान तीन पूर्ण सामने घ्या, म्हणजे 60 च्या आसपास कॅरीज. एका सामन्यावर काहीच ठरवू नका, एक 80 यार्डांची धाव सगळा हिशोब फिरवते. प्रत्येक कॅरीला पाच रकाने: डाऊन आणि अंतर, बॉक्समध्ये किती माणसं, अडवणारे किती, पहिला स्पर्श रेषेपासून कुठे, शेवटी किती यार्ड.

बॉक्स मोजताना टॅकल ते टॅकल आणि बाहेर एक माणूस, रेषेपासून पाच-सहा यार्ड आत, एवढंच धरा. मोजणी स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याच्या क्षणी करा. हडल (सल्ल्याचा घोळका) सुटताना मोजलं तर सेफ्टी नंतर खाली सरकतो आणि आकडा चुकतो. जुन्या प्रक्षेपणात कॅमेरा स्नॅपला जवळ जातो, सेफ्टी चौकटीबाहेर राहतात. अशा ठिकाणी अंदाज लिहू नका, रकाना मोकळा ठेवा.

पहिला स्पर्श म्हणजे बॅकचा वेग किंवा दिशा बदलावी लागली असा धक्का. शर्टाला लागलेली बोटं नाही.

मग उणे गेलेल्या धावा वेगळ्या काढा आणि दोन ढीग करा. चेंडू हातात आल्यापासून दोन पावलांच्या आत धक्का बसला, तो लाईन किंवा आखणीच्या ढिगात. समोर दोन-तीन यार्डांची फट उघडी होती आणि त्याने ती सोडून बाहेरची वाट धरली, तो बॅरीच्या ढिगात. दुसरा प्रकार ओळखायला गार्डकडे बघा, बॅरीकडे नाही. गार्डची पाठ तुमच्याकडे आणि ढुंगण फटीच्या बाजूला असेल तर त्याने आपला माणूस बंद केलाय, फट खरी होती. नजर बॅरीवर ठेवली की त्याच्यासारखेच तुम्हीही फसता.

शेवटी सरासरीबरोबर मध्यक काढा: सगळ्या धावा लहान ते मोठ्या लावून मधली. बॅरीची सरासरी आणि मध्यक यांच्यातलं अंतर एमिटपेक्षा बरंच मोठं निघेल, यावर पैज लावायला तयार आहे.

---

वाचनमात्र

झकास. सुरुवात कुठून करू? ते दोन 80 वाले टँपा?

---

चौथाडाऊन

अजिबात नको. त्यात मध्यक आणि सरासरी यांची इतकी फारकत आहे की पहिल्याच दिवशी डोकं फिरेल. 19 सप्टेंबर 1994 घ्या, मंडे नाईट, टेक्सास स्टेडियम. बॅरी 40 कॅरीज, 194 यार्ड, लायन्स जादा वेळेत 20-17. म्हणजे कॅरीमागे 4.85, सगळं कष्टाचं. समोर एमिट, त्यालाही 143. एकाच सामन्यात दोघांची तुलना होते. त्यानंतर 31 डिसेंबर 1994 चा ग्रीन बे, म्हणजे तोच हंगाम, तीच लाईन, उलटा निकाल. तिसरा 1997 मधला कोणताही, थँक्सगिव्हिंगचा शिकागो चालेल, 167 यार्ड, 55-20. पण तिथे तिसऱ्या सत्रानंतरच्या कॅरीज वेगळ्या लिहा, समोरच्यांनी हात टेकल्यावरचे यार्ड तितके खरे नसतात.

---

टेक्सासकाकू

आणि चौथा माझ्याकडून, 2 जानेवारी 1994, जायंट्सविरुद्ध. पूर्वार्धाच्या शेवटाला एमिटचा उजवा खांदा निखळतो, तरी धावून 168 आणि 10 झेलांचे 61. दुखापतीनंतरच्या कॅरीज तुमच्या त्या दोन ढिगांत टाका. चेंडू कोणत्या हातात धरलाय त्यासाठी सहावा रकाना करावा लागेल.